न भाजलेला राब

जगात जे जे म्हणून आंबतं, नासतं, कुजतं, बुरसटतं त्या सगळ्यावर माझ्या मामेसासऱ्यांनी जितकी माया केली, तितकी माणसांवर करणारी माणसंही मी फारशी पाहिलेली नाहीत. भाकरीवर पांढरी लव चढलेली दिसली की आपण भाकरी फेकतो. ते चष्मा शोधायला धावत. त्यांच्याविषयी सगळे हेच सांगतात, हसत सांगतात, आणि मीही आजवर तेवढंच सांगत आलो. जे मी कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही ते असं की या माणसाला मी फसवलं. आयुष्यात त्यांचा एकच विजय झाला. तो खोटा होता, आणि तो खोटा मी केला. आता मामा नाहीत, भोरचं संस्थानही राहिलं नाही, आणि माझी पन्नाशी जवळ आली आहे. लिहून टाकायचं ठरवलं आहे. पण आधी मामा कसे होते ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कुणाला कळायचं नाही.

ते माझ्या बायकोचे सख्खे मामा, पण सगळं भोर त्यांना मामाच म्हणे. स्वदेशीच्या दिवसांत नातेवाइकांनी वर्गणी गोळा करून त्यांना जपानला धाडलं होतं, काड्यापेट्या करायला शिकायला. परत येऊन ते कारखाना काढणार आणि मग विलायती काडी आपल्या घरात पेटणार नाही, असा एकंदर बेत होता. जपानात ते ज्या घरी उतरले त्या घरची म्हातारी उकडलेल्या भातावर बुरशी चढवून त्याचं गोड पेय करून विकायची. मामा काही दिवस काड्यापेट्यांच्या कारखान्यात गेले आणि मग म्हातारीच्या कोठीत जाऊन बसले ते परतायच्या दिवसापर्यंत. मुंबईला बोटीवर घ्यायला आलेल्या थोरल्या भावानं विचारलं, शिकलास का? मामा म्हणाले, शिकलो, आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पत्र्याची एक डबी काढली. डबीत राखेत घोळलेले भाताचे वाळके दाणे होते आणि त्यांच्यावर शेवाळी रंगाची धूळ. भावानं डबीत पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि पुढे मरेपर्यंत त्यांच्याशी अक्षर बोलला नाही. मामांना त्याचं वाईट वाटे. पण त्यांचं म्हणणं असं, की डबी बंदरावर उघडायला नको होती, खारा वारा होता.

आमच्या लग्नानंतर ते भाचीचा संसार बघायला म्हणून चार दिवस भोरला आले, परसातला गोठा रिकामा आहे असं पाहिलं आणि राहिले. मी शाळेत मास्तर होतो, दिवसभर घरी नसे. पंधरवड्यानं माझ्या लक्षात आलं की माझ्या गोठ्यात आता वेगळंच खिल्लार बांधलेलं आहे. भाताचा कोंडा वाफवून सुपांत पसरायचा, डबीतली धूळ त्यावर चिमटीनं पेरायची, वरून ओलं फडकं टाकायचं, आणि दारं बंद. बुरशी वाढू लागली की कोंडा आतून तापतो. मामा पालथ्या हातानं तो ताप बघत, कणकण असलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावावा तसा, आणि त्या वेळी गोठ्यात कुणी मोठ्यानं बोललेलं त्यांना खपत नसे. एका थंडीत पुण्याहून माझे थोरले मेहुणे मुक्कामाला आले. पाहुण्यांसाठी ठेवलेली जाड गोधडी कुठे सापडेना. ती गोठ्यात सुपांवर पांघरलेली होती. मेहुणे कुडकुडत म्हणाले, मामा, मी माणूस आहे हो. मामांनी त्यांची समजूत घातली. "तू पाय पोटाशी घेशील," ते म्हणाले, "त्यांना पाय आहेत का?"

बुरशी एवढी थोर का, हे ऐकून घ्यायला माणूस मिळाला की मामांना तहानभूक राहत नसे. सुरुवातीला तो माणूस बहुधा मीच असे. "जावईबापू," ते म्हणत, "आपण अन्न आत घेतो आणि मग पचवतो. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपलं पोट बाहेर मांडते. अंगातून रस सोडते, त्या रसानं समोरचं अन्न विरघळवते आणि मग नुसतं पिऊन टाकते. तो रस काढून बाटलीत भरा, बुरशी फेकून द्या, तरी तो आपलं काम करतोच. मालक मेला तरी नोकर राबतोय असं समजा." शास्त्रात या रसाला एन्झाईम म्हणतात, हे त्यांनी शेजारच्या मुंजीच्या पंगतीत सगळ्यांना सांगितलं, आणि नुसतं सांगून भागेना म्हणून आचाऱ्याच्या तांदळाच्या खिरीत, ती कोमट होईतो वाट पाहून, चिमूटभर भुकटी टाकली. वाढायची वेळ झाली तेव्हा पळीवर उभी राहणारी खीर ताकासारखी धावत होती. आचारी डोक्याला हात लावून बसला. मामा त्याला म्हणाले, चाखून बघ, गोडी वाढली आहे. आचाऱ्यानं चाखलं आणि म्हणाला, "गोडी वाढली, मामा. माझी इभ्रत तेवढी पातळ झाली."

पण त्या भुकटीचा गुण होता, हे नाकारता येत नाही. जड जेवणानंतर ती कोमट पाण्यातून घेतली की पोट हलकं होई, आणि सणावारी आमच्या दारात पोट धरून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. मामा ती फुकट देत, अट एकच, की दुसऱ्या दिवशी येऊन सगळं नीट सांगायचं. आणि ते असे तपशील विचारत की बरेच जण परत येतच नसत. नदीकाठी कातडी कमावणाऱ्यांकडे जाऊन, भुकटीच्या पाण्यात कातडं मऊ पडतं का, हे बघत ते दिवस दिवस बसत, आणि घरी आले की माझी बायको त्यांना वासामुळे अंगणातच उभं करून वरून घागर ओते. कचेरीतल्या एका शिरस्तेदारांच्या फेट्याला परटानं खळ जास्त केली होती; मामांनी ती उतरवून देतो म्हणून फेटा आणला आणि रसाच्या पाण्यात भिजवला. खळ अशी उतरली की दसऱ्याच्या मिरवणुकीत तो फेटा हळूहळू शिरस्तेदारांच्या दोन्ही कानांवर आला. शिरस्तेदारांनी आमचं घर वर्षभर वर्ज्य केलं. मामांना मात्र कापडात खळीचा कण उरला नाही याचाच आनंद होता. आणि एका पावसाळ्यात बायकोच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर काळी बुरशी आली तेव्हा ती डोळ्याला पदर लावून बसली होती, आणि मामा बरणी उजेडात धरून तिला सांगत होते, "रडतेस काय वेडे, ही काळी आहे. हिचा स्वभाव निराळा असतो."

अशा माणसाचं एकाच गोष्टीशी वैर होतं, आणि ती म्हणजे आग. होळीला ते घराबाहेर पडत नसत. आग ही अधाशी आहे, असं त्यांचं मत. ती खाते त्याहून जास्त वाया घालवते, आणि बुरशी सावकाश जेवते पण ताटात काही टाकत नाही. चैत्र-वैशाखात आमच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे मत ठेवणं किती जड जात असेल ते इथला माणूसच जाणे. इथं भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. रोपाच्या वाफ्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर रचायचे, वरून मातीची पेर, म्हणजे पातळ थर, द्यायची आणि वारा पडला की पेटवून द्यायचं. माती भाजून निघते, तण मरतं, राख मिळते, आणि पावसाच्या तोंडावर त्या वाफ्यात रोप उठतं. आजे-पणजे हेच करत आले. त्या दिवसांत भाटघर धरणाच्या पाण्यावर धुराचा पडदा असतो आणि पलीकडचे डोंगर दिसत नाहीत. मामा त्या धुरातून उपरणं तोंडाला लावून बांधाबांधानं फिरत आणि दिसेल त्याला विचारत: रानात झाडाखाली पानं पडतात, ती कोण जाळतं? मग जातात कुठं? ते लोकांना जमिनीवरचा ओला पाला उचलून खालचे पांढरे धागे दाखवत. ही रानची बुरशी. ती पान खाते आणि माती करते. तिला वाफ्यावर आणा, पाला तिला द्या, भाजू नका. लोक ऐकून घेत, मान डोलवत आणि काडी ओढत.

शेवटी त्यांना वाफा दिला तो मी. आंबवड्याला आमची वडिलोपार्जित थोडी भातजमीन होती आणि ती रखमाजी नावाचा एक शेतकरी वाट्यानं करत असे. तोंडानं तिखट, पण शब्द दिला की पाळणारा. मी सांगितलं म्हणून त्यानं रोपाचा एक वाफा मामांना सोडला, आणि उरलेल्या वाफ्यांवर, पोटाची सोय म्हणून, नेहमीचा राब रचला. मामा रानातून पांढऱ्या धाग्यांनी भरलेली कुजकी लाकडं पोत्यानं घेऊन आले, पाल्याच्या थरांत ती चुरून घातली, शेणकाला शिंपडला, वरून ओली तरटं झाकली. गावातली माणसं बघायला जमली. देवळासमोर कुणीतरी म्हणालं, मामा, फेट्याची खळ उतरवली तशी आमच्या भाताची उतरवाल हं. सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, हे रोप उठलं नाही तर मी बुरशीचं नाव टाकीन. गोठा धुऊन काढीन आणि निघून जाईन. थट्टेवर उत्तर म्हणून ते बोलले असं लोकांना वाटलं. मला तसं वाटलं नाही. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, ते जातील कुठं? त्यांना जागाच कुठं आहे?"

त्यानंतर मामा गोठ्यातल्या आपल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग बसवून आणायला पुण्याला गेले. वाफ्यावर पाणी शिंपडायचं काम मला नेमून गेले. मला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी पाणी घातलं, इमानानं घातलं. पण तरट उचलून पाहिलं की पाला तसाच. कुठंकुठं धागे धरले होते, कडेला पानं काळी पडली होती, बाकी फांद्या फांद्याच होत्या. रखमाजी शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं एक काटकी उचलून मोडली. ती कडकन मोडली. "मास्तर," तो म्हणाला, "बुरशी तुमची जेवतीया खरी, पर लई सावकाश. पाऊस न्हाई थांबायचा तिच्यासाठी." मी म्हटलं, मामा आले की बघू. तो म्हणाला, "बघू. लोकं तर बसल्यातच बघायला."

मी पाणी घालणं थांबवलं. ठरवून थांबवलं असं म्हणवत नाही, पण थांबवलं. त्या उन्हात तरटाखालचा पाला वाळायला वेळ लागला नाही. मग एका दुपारी, रखमाजी भोरच्या बाजाराला गेलेला असताना, मी तरटं काढली, बांधावरच्या वाळक्या काटक्या वर रचल्या, मातीची पेर दिली आणि वाफा पेटवला. आजूबाजूला सगळं खोरं भाजत होतं. आणखी एक धूर कुणाच्या डोळ्यांत भरणार? विझल्यावर मी राख मातीत खाली-वर केली, शेताकडेच्या उकिरड्यातलं कुजलेलं काळं खत आणून वर पसरलं आणि तरटं पुन्हा होती तशी झाकून ठेवली. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे मी मामांवरच्या दयेनं केलं. दया होती. पण दयेच्या आधी दुसरं काही होतं. वाफा माझा होता, पाहुणा माझा होता, आणि शाळेत पोरांसमोर फळ्याकडे वळलो की पाठीमागं कोण काय म्हणतंय, ते मला आतापासूनच ऐकू येत होतं. मला माझं हसू होऊ द्यायचं नव्हतं.

मामा आले ते टांग्यातून उतरून परस्पर आंबवड्याला गेले. मीही सोबत होतो. त्यांनी तरट उचललं, गुडघ्यांवर बसले, माती हातात घेतली आणि बोटांनी चुरली. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती, आणि राखेचा वास तर सगळ्या खोऱ्यालाच होता. "जावईबापू," ते म्हणाले, "पानाचा मागमूस नाही. सगळं खाल्लं हिनं." त्यांनी मातीची चिमूट जिभेवर ठेवली. मी शेजारच्या बांधाकडे बघत राहिलो. पाऊस झाला, रोप उठलं, काळंभोर, दाट, एका उंचीचं, आणि ज्यांनी थट्टा केली होती त्यांनीच देवळासमोर मामांच्या हातात नारळ ठेवला. बाजारावरून परतणारी डोंगरातली माणसंही वाट वाकडी करून तो वाफा बघून गेली. रखमाजीला कळलं होतं. तो आयुष्यभर माती हाताळलेला माणूस. माझ्याशेजारी उभा राहून तो एवढंच म्हणाला, "बुरशीला ऊब बरी गावली म्हनायची, मास्तर." पुढे त्यानं हा विषय ना माझ्याकडे काढला, ना कुणाकडे. घरचा मालक जे झाकून ठेवतो ते आपण उघडायचं नाही, अशी त्याची रीत असावी. मला ती रीत सोयीची होती.

मी तेव्हा विचार केला तो इतकाच, की झालं ते झालं, मामा सुखात आहेत. सुखी माणूस गप्प बसत नाही, हे मला कळायला हवं होतं. पुढच्या वर्षी मामा निघाले वेल्ह्याकडच्या डोंगरात. तिथं एका धनगरवाड्यावर बिरूबा नावाचे एक वडीलधारे गृहस्थ होते. शेळ्या, मेंढरं, चार गुरं, आणि पोटापुरत्या भाताच्या रोपाची एकच पट्टी. आंबवड्याचं रोप पाहून गेलेल्यांत तेही होते. त्यांना मामांचं म्हणणं कुणाहीपेक्षा लवकर पटलं, त्याला कारण होतं. राबाला ज्या कोवळ्या फांद्या तोडायच्या तोच शेळ्यांचा चारा. भाजायचं नसेल तर पाला आधी शेळ्यांनी खावा आणि उरलेलं, लेंड्यांसकट, बुरशीनं. मामांनी हे ऐकलं आणि त्यांना असं वाटलं की हा विचार आपल्याला सुचायला हवा होता. त्यांनी बिरूबांचा हात धरून सांगितलं, सगळी पट्टी याच रीतीनं करा. बिरूबांनी विचारलं, "समदी? येकादा कोपरा भाजूं का, मामा?" मामा म्हणाले, गरज नाही, आंबवड्याला बघितलं नाही का तुम्ही? मी त्या वेळी तिथं होतो. मामांची पिशवी माझ्या हातात होती. मी म्हणालो, एखादा कोपरा भाजायला हरकत नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. "जावईबापू अजून भितात," ते बिरूबांना म्हणाले. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

बिरूबांचं रोप उठलं नाही. तण उठलं. त्यात जे थोडं भात आलं ते हळदीसारखं पिवळं. मामांना निरोप मिळाला तेव्हा ते भर पावसात घाट चढून गेले आणि त्या पट्टीत गुडघ्यांवर बसून हातानं तण उपटत राहिले, पण लावणीची वेळ निघून गेली होती. त्या वर्षी त्या घराला भात मिळाला नाही. नाचणी-वरीवर, आणि आमच्या घरून मामांनी पाठवलेल्या तांदळावर, त्यांनी दिवस काढले. बिरूबांनी शब्दानंही दोष दिला नाही. "तुमची बुरशी आमच्यावं रुसली, मामा," एवढंच म्हणाले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या बायकोनं मामांचे ओले कपडे काढून चुलीशी वाळत घातले. मामा घरी आले ते ताप घेऊन. अंथरुणावर ते छताकडे बघत पडून असत आणि मला विचारत, काय चुकलं असेल? आंबवड्याला साधलं ते तिथं का नाही साधलं?

तेव्हापासून त्यांचं उरलेलं आयुष्य या एका प्रश्नात गेलं. त्यांची समजूत अशी की आंबवड्याच्या वाफ्यात बुरशीचं जे वाण होतं ते जोमदार होतं, आणि डोंगरात नेताना त्याचा जोम गेला. मग ते मला त्या वाफ्यातली माती आणायला पाठवत. मी आणत असे. ते ती सुपांत कोंड्यावर पेरत, सूक्ष्मदर्शकाखाली धरत, डोळे दुखेपर्यंत बघत बसत, आणि दर उन्हाळ्यात ती पोत्यात भरून बिरूबांकडे जात. आता सगळी पट्टी नाही, फक्त एक कोपरा न भाजता ठेवायचा, असं दोघांत ठरलं होतं. एक दिवस शाळेतून येतोय तो मामांनी मला गोठ्यात बोलावलं.

"जावईबापू, या मातीत कोळसा आहे."

मी म्हणालो, शेजारच्या राबाचा असेल, वाऱ्यानं आला असेल.

"इतका खोल?"

मी म्हणालो, नांगरटीत खाली गेला असेल.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाले, "असेल," आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. सांगायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. दोन वाक्यं बोलायची होती. ते रागावले असते, कदाचित गोठा धुऊन निघूनही गेले असते. पण त्यांना कळलं असतं की चूक कुठं आहे. पाला वाफ्यावर नाही, आधी निराळ्या ढिगात पुरता कुजवायला हवा, आणि तणाचा बंदोबस्त वेगळा करायला हवा, हे मामांसारख्या माणसाच्या ध्यानात यायला एक नापास झालेला वाफा पुरेसा होता. तो वाफा नापास होऊ न देणारा मी. त्याऐवजी मामांनी कोळशाचाच सिद्धांत बांधला. बुरशीला कोळशाच्या छिद्रांत घर मिळतं असं त्यांना वाटू लागलं, आणि आगीचं तोंड न बघणारा तो माणूस कोळसेवाल्याकडून चुरा विकत घेऊन, पाठीवर पोतं टाकून, काळ्या हातांनी वेल्ह्याचा घाट चढताना लोकांनी पाहिला. लोक हसले. मी त्यांच्यात उभा होतो. हसलो नाही, पण उभा होतो.

मामा गेले ते दुसऱ्या लढाईच्या दिवसांत. फुप्फुसात कफ भरला होता. गोठ्यातल्या सुपांकडे तेव्हा माझी बायको बघत असे, त्यांच्यासारखंच पालथ्या हातानं ताप बघून त्यांना येऊन सांगत असे. शेवटच्या दिवसांत एकदा मी पायांशी बसलो असताना ते म्हणाले की बुरशीचा दोष नाही, दोष त्यांचाच असणार. बिरूबांच्या घरी त्या वर्षी जे झालं त्याचं ओझं त्यांच्या छातीवर आहे आणि कफाहून ते जड आहे. मी त्यांचे पाय दाबत राहिलो. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. बायको दूध घेऊन आत आली आणि मी उठलो. दुसऱ्या दिवशी ते कुणाला ओळखत नव्हते. ते ओझं माझं होतं. ते घेऊन मामा गेले.

बिरूबा आहेत. खूप म्हातारे झाले आहेत. परवा भोरच्या बाजारात भेटले, नातवाचा खांदा धरून उभे होते. मामांची आठवण निघाली. त्यांनी मला सांगितलं की तो कोपरा ते अजून दर साली न भाजता सोडतात. नातू कुरकुरला, म्हणाला, तिथं नुसतं तण येतं, तेवढी रोपं दरवर्षी कमी पडतात, लावणीला दुसऱ्याच्या दारात मागायला जावं लागतं. बिरूबांनी त्याला गप्प केलं. "पोराला काय कळतंय," ते म्हणाले. "मामा म्हनलं व्हतं, कवा तरी साधंल. आंबवड्याचं रोप म्या सोता डोळ्यानं बघितलंय, मास्तर. ते काय खोटं व्हतं व्हय?"

मी म्हणालो, घरी या एकदा. आणि पिशवी उचलून निघालो.

आंबवड्याचा तो वाफा मी भाजला होता. मामांना हे सांगायचं राहिलं. बिरूबांच्या दारात जाऊन, त्यांच्या नातवासमोर, हे त्यांना तोंडानं सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.